संगजिऱ्याचा पाषाण : इतिहास, गुणधर्म आणि महाजनांचे कर्तव्य

देवस्थानांच्या स्मरणिकांतून क्षेत्रमाहात्म्य, स्थलांतराचा वृत्तान्त, जीर्णोद्धाराचा तपशील आणि महाजन-कुळांची माहिती आपण आजवर वाचीत आलो आहोत. परंतु ज्या पाषाणातून मूर्ती घडली, ज्या शिळेतून द्वारशाखा व स्तंभ कोरले गेले, त्या पाषाणाची जात कोणती, त्याला काय सोसते आणि काय सोसत नाही, याचा विचार क्वचितच होतो. वैद्य ज्याप्रमाणे रोग्याची प्रकृती पाहूनच औषध योजतो, त्याप्रमाणे मूर्तीच्या सेवेतही पाषाणाची प्रकृती आधी ओळखावी लागते. ती न ओळखता केलेली सेवा कितीही भक्तिभावाची असली, तरी मूर्तीला झीज आणणारी ठरू शकते. दक्षिणेतील असंख्य मूर्ती ज्या एका मऊ पाषाणातून घडल्या, त्या संगजिऱ्याच्या दगडाचा इतिहास व गुणधर्म सुज्ञ महाजनांपुढे मांडावेत, हा या लेखाचा हेतू आहे.

एका दगडाची अनेक नावे

गोव्याच्या देवस्थानांविषयी लिहिताना प्रारंभ दूरच्या आदिलाबाद जिल्ह्यापासून करीत आहोत, याचे वाचकांस नवल वाटेल. त्याला दोन कारणे आहेत. एक कारण इतिहासाचे असून ते पुढे येईलच. दुसरे भाषेचे आहे. आदिलाबाद हा पैनगंगेच्या दक्षिण तीरावरील मुलूख. १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली आंध्र प्रदेशात समाविष्ट झाला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे विभाजन होऊन आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. या सीमाप्रदेशात तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी या भाषा शेजारी नांदत आल्या आहेत. त्यांपैकी तीन भाषांनी या एका दगडाला दिलेली नावे पाहिली, तरी त्याचा अर्धा इतिहास हाती येतो.

फारसीत ‘संग’ म्हणजे दगड आणि ‘जराहत’ म्हणजे जखम. या दगडाची वस्त्रगाळ पूड जखमेवर दाबून रक्त थांबविण्याची रीत हकिमांत होती; त्यावरून ‘संग-ए-जराहत’ हे नाव पडले व उर्दूने ते तसेच ठेविले. मराठीच्या तोंडी ते ‘संगजिरे’ झाले आणि पुढे लोकांनी आपल्या परिचयाच्या शब्दांशी त्याची सांगड घालून ‘शंखजिरे’ केले. वस्तुतः या पदार्थात शंखही नाही आणि जिरेही नाही. तेलुगूत पाटीवर लिहिण्याच्या पेन्सिलीला ‘बलपम’ म्हणतात आणि या दगडालाही तेच नाव लावतात. कन्नडमध्येही याला ‘बळपद कल्लु’, म्हणजे पाटीच्या पेन्सिलीचा दगड, असेच म्हणतात. एका भाषेने या दगडात औषध पाहिले, दुसरीने अक्षर पाहिले. उत्तरेकडील हिंदी मुलखात हाच दगड ‘सेलखडी’ म्हणून ओळखला जातो. तमिळ लोक त्याला ‘माक्कल्’, म्हणजे पिठासारखा दगड, म्हणतात. इंग्रजीत त्याला ‘सोपस्टोन’ म्हणतात, कारण हाताला तो साबणासारखा गुळगुळीत लागतो. नावे निरनिराळी असली तरी सर्वांचा अनुभव एकच आहे : हा दगड मऊ आहे.

गुणधर्म

मऊपणाचे मूळ या दगडाच्या घडणीत आहे. संगजिरे हे मुख्यतः मॅग्नेशियम, सिलिका आणि पाणी यांचे संयुग होय. शुद्ध संगजिऱ्यात वजनाने सुमारे ६३ टक्के सिलिका, ३२ टक्के मॅग्नेशियाचा अंश आणि ५ टक्क्यांच्या आत पाणी असते. त्याचे कण पोथीच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक पान स्वतः बळकट असले तरी दोन पानांमधील बंध अतिशय दुर्बल असतो. बोट फिरविताच पाने एकमेकांवरून सरकतात आणि तोच तो साबणासारखा स्पर्श. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या काठिण्याची १ ते १० अशी श्रेणी बसविली. तीत हिऱ्याला दहावे स्थान मिळाले आणि संगजिऱ्याला पहिले, म्हणजे सर्वांत मऊ खनिजाचे.

मूर्ती घडविण्याचा दगड मात्र बहुधा निव्वळ संगजिऱ्याचा नसतो. त्यात क्लोराइट नावाचे हिरवट खनिज, काही कार्बोनेटे आणि इतर द्रव्ये मिसळलेली असतात; त्यामुळे त्याला हिरवट, निळसर किंवा करडा रंग येतो आणि काठिण्यही थोडे वाढते. भूशास्त्रज्ञ अशा थरयुक्त खडकाला ‘सुभाजा’ म्हणतात. तेलाच्या व दिव्याच्या काजळीच्या पुटांनी तो कालांतराने इतका काळाभोर होतो की, पाहणाऱ्याला तो काळा फत्तरच वाटतो. याचे वजनही फसवे असते. मऊ म्हणून तो हलका असेल अशी समजूत होते. परंतु एक घनफूट दगड सुमारे ८० किलो भरतो, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ पावणेतीनपट.

या दगडाचे आणखी तीन गुण ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिला, तो उष्णता हळूहळू घेतो आणि हळूहळू सोडतो. दक्षिणेतील घरांतून या दगडाची भांडी वापरात आली ती याच गुणामुळे. तमिळनाडूत सेलमकडील ‘कल्चट्टी’ आजही प्रसिद्ध आहे. चुलीवरून उतरविल्यावरही तीतील सांबार बराच वेळ कढत राहते. दगडाच्या भांड्याला मराठीतही ‘दगडी’ असा स्वतंत्र शब्द आहे. दुसरा, घट्ट दगड पाणी व तेल फारसे शोषीत नाही आणि त्यातील संगजिरे आंबटाने विटत नाही. म्हणून लोणचे, ताक व चिंचेचे पदार्थ अशा भांड्यांतून ठेवीत. मात्र दगडात कार्बोनेटाचा अंश अधिक असल्यास आंबट त्याला हळूहळू खाते. तिसरा गुण सर्वांत विलक्षण आहे. हा दगड सुमारे १००० अंश सेल्सियसपर्यंत तापविला असता त्यातील बांधलेले पाणी निघून जाते, त्याचे दुसऱ्याच खनिजात रूपांतर होते आणि नखाने ओरखडणारा दगड पोलादी चाकूलाही दाद देईनासा होतो.

सिंधू संस्कृतीपासून

हा तिसरा गुण आपल्या पूर्वजांना साडेचार हजार वर्षांपूर्वी ठाऊक होता. मोहेंजोदडो व हडप्पा येथील जगप्रसिद्ध मुद्रा बहुतांशी याच दगडाच्या आहेत. इंचभर चौकोनात वृषभ, हत्ती, गेंडा आणि वर चित्रलिपीची ओळ इतक्या सूक्ष्मतेने कोरणे मऊ दगडातच शक्य होते. आणि कोरून झाल्यावर भट्टीत भाजल्यामुळे त्या मुद्रा टणक व पांढऱ्या होऊन सहस्रावधी वर्षे टिकल्या. मोहेंजोदडोची ‘पुरोहित-राजा’ म्हणून ओळखली जाणारी १७·५ सेंटिमीटर उंचीची मूर्तीही संगजिऱ्याचीच आहे. पुढे बौद्धकाळात धातू ठेवण्याच्या करंडकांसाठी हा दगड वापरला गेला. १८९८ साली उत्तर प्रदेशातील पिप्राह्वा येथील स्तूपात सापडलेला लेखयुक्त करंडक याच दगडाचा आहे. अशा रीतीने मुद्रा, करंडक आणि मणी यांसारख्या लहान वस्तूंत वावरणारा हा पाषाण मोठ्या मंदिरांच्या भिंतींपर्यंत पोहोचला, तो दक्षिणेत, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात.

विक्रमादित्याच्या छत्राखाली

येथेच आदिलाबादचे ऐतिहासिक कारण पुढे येते. या जिल्ह्यातील जैनद हे गाव काळ्या पाषाणाच्या प्राचीन मंदिरासाठी आणि तेथील संस्कृत शिलालेखासाठी प्रसिद्ध आहे. हा लेख परमार राजा उदयादित्याचा पुत्र जगद्देव याच्या काळचा. जगद्देवाचा अधिकारी, दाहिम कुळातील लोलार्क, याची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे, देवालय उभारल्याची नोंद त्यात आहे. माळव्याचा हा राजपुत्र दक्षिणेत येऊन ज्याच्या पदरी राहिला, तो सम्राट म्हणजे कल्याणीचा चालुक्य सहावा विक्रमादित्य. त्याची कारकीर्द इ.स. १०७६ ते ११२६. याच विक्रमादित्याची कन्या मैलळदेवी गोव्याच्या कदंब घराण्यातील दुसऱ्या जयकेशीला दिली होती. म्हणजे पैनगंगेकाठचे जैनद आणि जुवारीकाठचे गोपकपट्टण ही दोन टोके त्या काळी एकाच छत्राच्या छायेत होती.

मात्र छत्र एक असले तरी भूमी एक नव्हती आणि भूमी बदलली की शिल्पकाराचा पाषाणही बदलतो. आदिलाबादच्या पश्चिमेकडील व उत्तरेकडील भागांत दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. पैनगंगेकाठी चुनखडीचा दगड आहे. पूर्वेस गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यात वालुकाश्म व दगडी कोळसा आहे. बेसाल्टचे काठिण्य सहाच्या आसपास. तो चिकाटीने कोरावा लागतो, पण एकदा कोरला की पिढ्यान्‌पिढ्यांचे आघात सोसतो. तेलंगणातच पुढे काकतीयांच्या शिल्पींनी डोलेराइटसारख्या कठीण काळ्या पाषाणातून पालमपेटच्या रामप्पा मंदिराच्या नर्तिका घडविल्या. १२१३ चे हे मंदिर २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरले. त्या नर्तिकांच्या अंगावरील चकाकी आजही आरशासारखी आहे.

याच्या उलट धारवाड, हावेरी, गदग या प्रदेशांत भूगर्भाने शिल्पींच्या हाती क्लोराइटयुक्त संगजिऱ्याचा दगड दिला. हावेरी, सवणूर, ब्याडगी, मोटेबेन्नूर व हानगल या भागांत तो मिळे. आरंभीच्या चालुक्यांनी बदामी व पट्टदकल येथे वालुकाश्म वापरला होता. कल्याणीच्या चालुक्यांच्या शिल्पींनी तो सोडून हा नवा पाषाण स्वीकारला. अण्णिगेरीचे अमृतेश्वर मंदिर (सुमारे १०५०) हे या दगडातील आरंभीचे मोठे मंदिर मानले जाते. विक्रमादित्याचा सेनापती महादेव याने १११२ मध्ये इटगी येथे बांधविलेल्या मंदिराला तेथील शिलालेखात ‘देवालय-चक्रवर्ती’ अशी पदवी दिलेली आहे.

दगड बदलताच शिल्पाची भाषाही बदलली. वालुकाश्माचे मोठमोठे ठोकळे गेले आणि बारीक, दागिन्यासारखी नक्षी आली. स्तंभ चरकावर फिरवून गोल घडविण्याची कला बहरली. मऊ दगडाशिवाय ती अशी बहरली नसती. पुढे होयसळांनी हीच परंपरा कळसास नेली. विष्णुवर्धनाने १११७ मध्ये बेलूरचे चेन्नकेशव मंदिर प्रतिष्ठापित केले. तेथील मदनिकांच्या गळ्यातील हार, बोटांतील अंगठ्या आणि डोक्यावरील लतामंडपाची पाने पाहताना हे दगडाचे काम आहे, यावर विश्वास बसत नाही. बळ्ळिगावीचा दासोज आणि त्याचा पुत्र चावण यांनी तेथील मूर्तींखाली आपली नावे कोरून ठेविली आहेत. बेलूर, हळेबीडू व सोमनाथपूर ही तीन मंदिरे २०२३ मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित झाली. हा दगड खाणीतून काढताना अधिक मऊ असतो आणि वारा लागल्यावर पुष्कळसा टणक होतो, असा शिल्पींचा अनुभव आहे. म्हणून बारीक काम ताज्या दगडावर करण्याची घाई असे.

गोमंतकात

धारवाडी खडकांचा हाच प्राचीन पट्टा सह्याद्री ओलांडून गोव्यात उतरला आहे. आपल्या भूमीचा वरचा थर जांभ्याचा. त्याच्या चिऱ्यांनी आपली घरे, तळ्या, कोट आणि देवळांच्या भिंती उभ्या राहिल्या. पण जांभा सच्छिद्र असल्याने त्यात बारीक मुखवटा किंवा बोटे कोरता येत नाहीत. त्यामुळे मूर्ती, द्वारशाखा व लेख यांसाठी गोमंतकातील शिल्पींना निराळा पाषाण शोधावा लागे. कदंबांचे राज्य घाटाच्या दोन्ही अंगांस पसरले होते. शिवचित्त पेर्माडी याची राणी कमलादेवी हिने कित्तूरजवळील देगाव येथे कमल-नारायणाचे मंदिर बाराव्या शतकात बांधविले व त्याचा शिल्पी तिप्पोज होता. घाटावरचा शिल्पी आणि घाटाखालचा यजमान हे नाते त्या काळी नित्याचे होते.

गोव्यात कदंब-यादव काळातील जे मंदिर जवळजवळ अखंड उरले, ते तांबडी सुर्ल येथील महादेवाचे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, गर्द रानात असल्यामुळे ते वाचले. सभामंडपाच्या छतातील कमळ आणि स्तंभाच्या तळाशी घोड्याला तुडविणारा हत्ती पाहिला म्हणजे शिल्पीचा हात किती सराईत होता, हे ध्यानात येते. या मंदिराच्या दगडाविषयी मात्र छापील वर्णनांत एकवाक्यता नाही. काहींत तो घाटावरून आणलेला बेसाल्ट म्हटला आहे, तर काहींत करडा-काळा, क्लोराइटयुक्त संगजिऱ्याचा दगड. हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. बेसाल्ट असेल तर त्याचे शत्रू निराळे आणि संगजिरे असेल तर निराळे. गोव्यातील सर्वांत प्रसिद्ध मंदिराविषयी जर दोन नावे प्रचारात असू शकतात, तर आपापल्या गावच्या मूर्तींविषयी आपण किती जाणतो, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

सोळाव्या शतकातील संकटाची कथा महाजन-कुळांस सांगणे न लगे. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, रामनाथ लोटलीहून बांदोड्यास आला. दिवाडीवरील सप्तकोटेश्वराचे देवालय पाडले गेल्यावर देवाची स्थापना पुढे डिचोलीतील नार्वे येथे झाली आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथील मंदिराचा जीर्णोद्धार झाला. या धामधुमीत जे हाती लागले ते नेले; जे नेता आले नाही ते पडून राहिले. शेते, तळी आणि जुन्या देवळांच्या जागा यांतून पुढे निघालेल्या मूर्ती व कोरीव शिळा आज जुने गोवे येथील पुरातत्त्व वस्तुसंग्रहालयात आणि पणजीच्या राज्य वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहेत. त्यांवरील अक्षरे व अलंकार ज्यांनी पाहिले असतील, त्यांना बारीक पोताचा पाषाण आपली रेघ किती प्रामाणिकपणे सांभाळतो, याची प्रचीती आली असेल.

ज्या पोर्तुगीज सत्तेच्या काळात गोव्यातील कोरीव पाषाण भग्न झाले, त्याच सत्तेच्या ब्राझील वसाहतीत संगजिऱ्याला मोठा मान मिळाला, हाही इतिहासाचा एक विलक्षण योग. ‘अलेजादिन्यो’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या शिल्पीने कोंगोन्यास येथे १८०० ते १८०५ या काळात बारा संदेष्ट्यांच्या मूर्ती याच दगडात घडविल्या. त्या वेळी त्याची बोटे रोगाने झडत चालली होती. १९३१ मध्ये रिओ द जानेरोच्या टेकडीवर उभा राहिलेला ३० मीटर उंचीचा ख्रिस्ताचा पुतळा काँक्रीटचा आहे. परंतु त्याच्या सर्वांगावर संगजिऱ्याच्या लहान त्रिकोणी तुकड्यांचे आवरण आहे. पाऊस आणि ऊन यांना तोंड देण्यास हा पाषाण योग्य ठरला.

आजचे उपयोग

आजही संगजिऱ्याचा व्याप लहान नाही. कागद, रंग, रबर, प्लॅस्टिक, चिनी मातीच्या वस्तू, विजेचे रोधक आणि अंगाला लावण्याची पावडर या सर्वांत त्याची पूड जाते. शिंप्याचा खडू व वेल्डरची खूण करण्याची पेन्सिल हीही त्याचीच रूपे. भारतात राजस्थान हे या खनिजाचे प्रमुख क्षेत्र असून उत्तराखंडातील बागेश्वर व पिथौरागड येथेही खाणी आहेत. मात्र गुणांबरोबर दोषही जाणले पाहिजेत. कोरताना उडणारी पूड वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना अपाय करते. काही खाणींतील संगजिऱ्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०२४ मध्ये संगजिऱ्याचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ द्रव्यांत केला. बागेश्वरमधील गावांत घरांना भेगा पडल्याच्या तक्रारींवरून जानेवारी २०२५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने खाणकामाला स्थगिती दिली. नव्या मूर्तीचे काम देताना दगड ओला ठेवून कोरण्याची आणि कारागिरांच्या नाका-तोंडास आवरण देण्याची अट देवस्थानाने घालावी, हे उचित होय.

सेवा आणि झीज

आता आपल्या कर्तव्याकडे वळू. मऊ पाषाणाने शिल्पीला जे सुख दिले, तेच सेवेकऱ्याला सावधगिरीचे कारण आहे. काठिण्याची श्रेणी पुन्हा आठवावी. संगजिऱ्याचा मूर्तिपाषाण एक ते तीनच्या दरम्यान. तांबे तीनच्या आसपास. पितळ त्याहून किंचित कठीण. वाळूचा कण सात. याचा सरळ अर्थ असा की, अभिषेकाच्या कलशाची कड, पुजाऱ्याच्या बोटातील अंगठी आणि रांगोळीचा एक कण ही सर्व देवाच्या अंगाहून कठीण आहेत. रोज एकदाच घासले, असे म्हटले तरी वर्षात तीनशे पासष्ट वेळा आणि शंभर वर्षांत छत्तीस हजारांहून अधिक वेळा घासणे होते. नाक, ओठ, बोटे व पादांगुष्ठ प्रथम का झिजतात, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे.

पंचामृताचाही विचार करावा. दह्यातील आम्ल कार्बोनेटाच्या अंशाला झिजविते. दूध-तुपाचा स्निग्धांश सांध्यांत व कोरीव रेघांत साचून धूळ धरतो. तो काढण्यासाठी आपण काथ्याने अथवा साबणाने घासतो आणि अपाय दुणावतो. चिंच, लिंबू व राख ही तांब्या-पितळेची साधने आहेत, पाषाणाची नव्हेत. भेगा बुजविण्यासाठी सिमेंट भरणे, काळा रंग वा वॉर्निश देणे, गाभाऱ्यात दगडी भिंतींवर वाळूचा मारा करून ‘स्वच्छता’ करणे हे तर सर्वथैव वर्ज्य समजावे. सिमेंट मऊ दगडाहून कठीण असल्याने पुढील भेग सिमेंटात न पडता मूर्तीतच पडते.

हा विषय आपल्यापुरताच नाही. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या लिंगाची झीज होत असल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने लिंगास भक्तांनी घासू नये असा आदेश दिला. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ मध्ये आणि पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींवर २०२० मध्ये पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांकडून संवर्धनाचे काम झाले. त्या मूर्तींचे पाषाण निराळे, तेथील परंपराही निराळ्या. पण जेथे लक्षावधी भक्तांची श्रद्धा आहे, तेथेही पूजाविधी आणि मूर्तिरक्षण यांचा मेळ घालावा लागला, हा धडा सर्वांसाठी एकच आहे. नित्य पंचामृत धातूच्या उत्सवमूर्तीस आणि मूळ पाषाणमूर्तीस शुद्ध जल व मऊ सुती वस्त्र, ही वाट शास्त्राशी जुळणारी आहे की नाही, हे आपापल्या आचार्यांना विचारून ठरवावे.

आपली मूर्ती कोणत्या पाषाणाची हे पाहण्यासाठी कोणी उत्साहाने नखाने वा चाकूने ओरखडा काढू नये, ही हात जोडून विनंती. जुन्या कामाचा सुटलेला तुकडा मिळाल्यास त्याच्या पातळ चकतीची सूक्ष्मदर्शकातून परीक्षा करता येते. तुकडा नसल्यास मूर्तीला धक्का न लावता क्ष-किरणांच्या उपकरणाने द्रव्ये ओळखता येतात. ही परीक्षा परकी आहे असेही मानू नये. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांनी शिळा निवडताना तिचा नाद, वर्ण व रेषा तपासण्यास सांगितले आहे. शिळांचे पुरुष, स्त्री व नपुंसक असे भेद, तसेच वयाने बाला, युवा व वृद्धा असे भेद कल्पिले आहेत. शिळेची परीक्षा ही पूजेच्या आधीची पायरी आहे, हेच त्यांचे सांगणे.

एक नोंदवही

महाजनकी म्हणजे केवळ मान नव्हे. ती विश्वस्ताची जबाबदारी आहे. १९३३ च्या कायद्यापासून महाजनांची नोंद आणि हिशेब ठेवण्याची शिस्त आपल्या देवस्थानांच्या अंगवळणी पडली आहे. देवाचे सोने-रुपे गुंजभरही चुकू नये म्हणून आपण दक्ष असतो. मग पाषाणाचीही नोंद का असू नये? प्रत्येक देवस्थानाने एक वही घालावी. तीत प्रत्येक मूर्ती, पीठ, द्वारशाखा व सुटी कोरीव शिळा यांची मापे, छायाचित्र, पाषाणाची जात, पूर्वी झालेले लेप व दुरुस्त्या आणि त्यांची वर्षे लिहावीत. दर पाच वर्षांनी त्याच कोनातून पुन्हा छायाचित्र घ्यावे. झीज किती झाली ते आपोआप कळेल.

जीर्णोद्धाराच्या वेळी बाजूला काढलेल्या भग्न मूर्ती, वीरगळ व लेखांच्या शिळा तळीत टाकणे किंवा पायात घालणे हा प्रमाद टाळावा. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांना १९७२ च्या पुरावशेष कायद्याने संरक्षण दिलेले असून त्यांची नोंदणी करणे हे आपले कायदेशीर कर्तव्यही आहे. पूजेतून काढलेली मूर्ती इतिहासातून काढली जात नाही. ज्या शिळेवर पूर्वजांचा हात फिरला, ती छपराखाली, कोरड्या जागी, नावाची पाटी लावून ठेवली, तर पुढील पिढीला आपल्या कुळाचा धागा सापडेल.

जैनदच्या शिळेवर पद्मावतीचे नाव नऊशे वर्षांनंतरही वाचता येते आणि बेलूरच्या मऊ पाषाणावर दासोज व चावण यांची नावेही. एक नाव उत्तरेच्या मुलखात उरले, दुसरी दक्षिणेच्या पाषाणात. शिल्पीने आपला पाषाण ओळखला होता, म्हणूनच त्याचे काम आपल्यापर्यंत पोहोचले. ते पुढे पोहोचविण्याचे काम आता आपल्याकडे आहे. येत्या वार्षिक सभेत प्रत्येक समितीने आपल्या देवाच्या पाषाणाची ही वही घालण्याचा ठराव करावा, एवढीच सर्व महाजन बंधु-भगिनींस नम्र विनंती.